ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर नेताय? आधी विम्याचा कागद वाचा

गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर दिसू लागतात. कोणी ऊस घेऊन कारखान्याकडे, कोणी कांदा-सोयाबीन घेऊन बाजार समितीकडे, तर कोणी मजुरांना घेऊन शेताकडे निघालेला असतो. गावोगावच्या कार्यक्रमांत मी एक प्रश्न हमखास विचारतो, "ट्रॅक्टरचा विमा किती जणांचा आहे?" बरेच हात वर होतात. मग विचारतो, "पॉलिसीवर ट्रॉलीचा नंबर किती जणांच्या आहे?" तेव्हा बहुतेक हात खाली येतात.

खत, बियाणे, औषध यांची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. विम्याचा कागद मात्र डीलरने दिला तसा घडी घालून ठेवून देतो. अपघात झाला की तोच कागद पहिल्यांदा वाचला जातो, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून यंत्र रस्त्यावर नेण्यापूर्वी विम्यात काय पाहावे, ते या लेखात सविस्तर समजून घेऊ.

शेतातले यंत्र रस्त्यावर आले की 'वाहन' होते

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी कोणतेही मोटार वाहन वापरायचे असेल तर किमान थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या वाहनामुळे ज्याला इजा झाली किंवा ज्याचे नुकसान झाले ती बाहेरची व्यक्ती.

'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. लोकांना ये-जा करण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात येते. म्हणजे गावातला रस्ता आणि पाणंद रस्ताही त्यात आला. "आमचा ट्रॅक्टर हायवेला जातच नाही" हे उत्तर म्हणूनच उपयोगाचे नाही. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना शंभर मीटर रस्ता लागत असेल, तरी विमा हवा.

विम्याशिवाय वाहन चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण खरा धोका दंडाचा नाही. तो पुढे आहे.

एका अपघाताचा हिशेब

मोटार अपघात दाव्यात भरपाई कशी काढतात, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा आपल्या ट्रॉलीची धडक बसून ३२ वर्षांचा एक दुचाकीस्वार गेला. त्याची कमाई महिना १५,००० रुपये होती. घरी पत्नी, दोन मुले आणि आई त्याच्यावर अवलंबून होती.

- वार्षिक उत्पन्न : १,८०,००० रुपये
- भविष्यातील वाढ ४० टक्के धरून : २,५२,००० रुपये
- त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा : १,८९,००० रुपये
- या वयासाठी १६ चा गुणांक : ३०,२४,००० रुपये

सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेली ही पद्धत आहे. यावर अंत्यविधी, कुटुंबाने गमावलेला आधार यांची रक्कम आणि व्याज वेगळे. म्हणजे साध्या कमाईच्या माणसाच्या मृत्यूतही भरपाई तीस लाखांच्या पुढे जाते. थर्ड पार्टी विमा असेल आणि पॉलिसीच्या अटी पाळलेल्या असतील, तर मृत्यू किंवा इजेबद्दलची ही भरपाई विमा कंपनी भरते. त्यासाठी वरची मर्यादा नाही. विमा नसेल तर ती वाहनमालकाने भरायची.

आणि मालकाने भरली नाही तर? कायद्याच्या कलम १७४ नुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचे प्रमाणपत्र देऊ शकते, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. महसुलाची थकबाकी कशी वसूल होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. गोष्ट थेट सातबाऱ्यापर्यंत येते. दरवर्षीचा काही हजारांचा हप्ता टाळून आपण कशाची जोखीम घेतो, ते यावरून लक्षात घ्यावे.

ट्रॉली हे वेगळे वाहन आहे

सर्वांत जास्त चूक इथे होते. कायद्यात 'मोटार वाहन' या शब्दात ट्रेलर, म्हणजे आपली ट्रॉली, समाविष्ट आहे. तिची नोंदणी वेगळी होते, नंबर वेगळा असतो आणि विम्याचा हप्ताही वेगळा लागतो. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली आपोआप येत नाही.

ट्रॅक्टरचा विमा आहे, ट्रॉलीचा नाही आणि अपघात ट्रॉलीमुळे किंवा ट्रॉलीत झाला, तर विमा कंपनी पहिला आक्षेप तोच घेते. काही दाव्यांत निकाल मालकाच्या बाजूने लागतो, काहींत विरोधात. पण वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा मात्र चुकत नाहीत. त्यापेक्षा थोडा जादा हप्ता परवडतो.

दोन ट्रॉल्या जोडत असाल तर दोन्हींचे नंबर पॉलिसीत हवेत. गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेली, पासिंग न केलेली ट्रॉली असेल तर आधी आरटीओकडे नोंदणीची चौकशी करा. नोंदणी नसलेल्या ट्रॉलीला विम्याचे संरक्षण मिळवणे अवघड आहे. शेजाऱ्याची ट्रॉली 'दोन फेऱ्यांपुरती' मागून आणतानाही तिच्या विम्याची मुदत विचारून घ्या.

पॉलिसीवर वापर काय लिहिला आहे?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कृषी ट्रॅक्टर हे 'बिगर-वाहतूक' प्रकारातले वाहन आहे. त्यामुळे त्याच्या पॉलिसीवर बहुधा 'फक्त शेती व वनविषयक कामासाठी' अशी अट असते. पॉलिसीत 'वापराची मर्यादा' या मथळ्याखाली ही ओळ सापडेल.

स्वतःचा शेतमाल नेणे, खत आणणे, शेतात औजार चालवणे यात अडचण नाही. मात्र भाडे घेऊन वाळू, मुरूम, विटा वाहणे हे शेतीकाम नव्हे. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरून पडून एक मजूर जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी होता आणि ट्रॉलीचा विमाच नव्हता. कंपनीवर कायद्याने जबाबदारी येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. जखमी मजूर गरीब असल्याने न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, पण ते मालकाकडून वसूल करण्याची मुभाही दिली. म्हणजे शेवटी भुर्दंड मालकावरच.

आता उसाचे पाहा. स्वतःचा ऊस कारखान्याला नेणे वेगळे आणि वाहतुकीचा करार करून, उचल घेऊन इतरांचा ऊस हंगामभर वाहणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मोबदला घेऊन वाहतूक होते. असा करार असेल तर विमा काढताना एजंटला तो दाखवा, "या वापरासाठी पॉलिसी चालेल का?" हे लेखी विचारा आणि गरज असल्यास व्यावसायिक वापराची पॉलिसी घ्या. भाड्याने नांगरट, मळणी करणाऱ्यांनीही हाच प्रश्न विचारावा. हप्ता वाचवण्यासाठी खरा वापर लपवणे सर्वांत महाग पडते.

कोण कुठे बसले आहे?

ट्रॅक्टरच्या आरसी बुकवर आसनक्षमता पाहा. तिथे बहुधा एकच, म्हणजे चालकाची जागा असते. मडगार्डवर बसलेला भाऊ, ड्रॉबारवर उभा असलेला मुलगा, ट्रॉलीत बसून लग्नाला निघालेले वऱ्हाड यांपैकी कोणीही साध्या थर्ड पार्टी पॉलिसीत सुरक्षित धरले जाईल असे समजू नका.

- पगारी चालक : त्याच्यासाठी पॉलिसीत 'पगारी चालकाची कायदेशीर जबाबदारी' हे कलम घेतले आहे का ते पाहा. त्याचा हप्ता अगदी किरकोळ असतो.
- मजूर : मालाच्या चढ-उतारासाठी मजूर सोबत असतील तर त्यांची संख्या सांगून तेवढ्यांचे संरक्षण मागा. ऊसतोड टोळीला ट्रॉलीत बसवून फडापर्यंत नेणाऱ्यांनी, मुकादमांनी आणि मालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. भरलेल्या उसावर तर कोणालाच बसू देऊ नका.
- स्वतः मालक : आपण स्वतः आपल्या पॉलिसीत 'थर्ड पार्टी' नसतो. त्यासाठी मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते किमान १५ लाखांचे असते, आणि त्यासाठी मालकाच्या नावावर चालू वाहन परवाना लागतो. तेवढ्या रकमेची वैयक्तिक अपघात पॉलिसी आधीच असेल तर पुन्हा घेण्याची गरज नाही.

राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात होतो. पण ती शेतकऱ्याच्या कुटुंबाला मदत आहे. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान ती भरत नाही. वाहन विम्याला तो पर्याय नव्हे.

स्टिअरिंगवर कोण आहे?

ट्रॅक्टरचे रिकामे वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असल्याने तो 'हलके मोटार वाहन' या व्याख्येत येतो. ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असलेल्या चालकाने ट्रॉली जोडली म्हणून परवाना अवैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितले आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही हलक्या वाहनाचा परवाना ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनांना चालतो, हे कायम केले.

पण परवानाच नसेल, किंवा मुदत संपलेली असेल, तर हे निकाल कामाला येत नाहीत. चालक ठेवताना त्याच्या परवान्याचा फोटो मोबाईलमध्ये घ्या आणि मुदत पाहा. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती तर ट्रॅक्टर देऊच नका. तसे आढळल्यास पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. "पोरगं मोठ्या माणसासारखं चालवतं" हे कौतुक घरापुरतेच ठेवावे.

थर्ड पार्टी की सर्वसमावेशक?

थर्ड पार्टीचा मूळ हप्ता केंद्र सरकार विमा नियामकाशी सल्लामसलत करून ठरवते. त्यामुळे कंपनी बदलून त्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या भागात.

सर्वसमावेशक पॉलिसीत अपघात, चोरी, आग, पूर यांत आपल्या ट्रॅक्टरचे नुकसानही धरले जाते. यात 'आयडीव्ही' ही रक्कम महत्त्वाची. चोरी झाली किंवा ट्रॅक्टर पूर्ण निकामी झाला तर जास्तीत जास्त तेवढी रक्कम मिळते. ती वयानुसार घटते. एक ते दोन वर्षांच्या वाहनाला किमतीतून २० टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या वाहनाला ५० टक्के घसारा धरतात. हप्ता कमी दाखवण्यासाठी कोणी आयडीव्ही फारच कमी लावत असेल तर सावध व्हा.

टायर, ट्यूब, बॅटरी यांवर साधारणपणे निम्मा घसारा कापला जातो. दिवे, मडगार्ड, रंग यांचे नुकसान काही पॉलिसींत जादा हप्ता भरल्याशिवाय धरत नाहीत. रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, लोडर ही औजारे ट्रॅक्टरच्या पॉलिसीत आपोआप येत नाहीत. ती हवी असतील तर किमतीसह नोंद करून घ्या.

ट्रॅक्टर कर्जावर असेल किंवा पाच-सहा वर्षांच्या आतला असेल, तर सर्वसमावेशक विमा घ्यावा, असा माझा सल्ला आहे. खूप जुना ट्रॅक्टर असेल तर किमान थर्ड पार्टी तरी कधीही चुकवू नये.

आणखी एक गैरसमज. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम मिळतो, म्हणून ट्रॅक्टरलाही तसेच असेल असे काहींना वाटते. तसे नाही. ट्रॅक्टरची पॉलिसी दरवर्षी नूतनीकरण करावी लागते. डीलरने पहिल्या वर्षी काढून दिलेला विमा दुसऱ्या वर्षी आपणच पाहायचा असतो. मुदत संपून ९० दिवस गेले तर दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलतही जाते.

जुना ट्रॅक्टर घेताना आणि विकताना

माझ्या मामेभावाने ओळखीच्या माणसाला ट्रॅक्टर विकला. व्यवहार स्टॅम्प पेपरवर झाला, पैसे मिळाले, पण आरसी बुकवर नाव तसेच राहिले. दीड-दोन वर्षांनी कोर्टाची नोटीस भावाच्या घरी आली. अपघात झाला होता आणि विमा संपलेला होता. ट्रॅक्टर आपल्या दारात नसतानाही त्याला वकील लावावा लागला.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव, त्याचीच जबाबदारी. म्हणून विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि ३० भरून, आरसीवर नाव बदलल्याचे स्वतः पाहावे. घेणाऱ्याने खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करावा. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो.

पॉवर टिलर आणि एटीव्ही

फळबागांमध्ये काही जण चार चाकांची छोटी एटीव्ही, ज्याला क्वाड बाइक म्हणतात, फवारणी किंवा ओढकामासाठी घेऊ लागले आहेत. अशा अनेक गाड्या फक्त रस्त्याबाहेरच्या वापरासाठी विकल्या जातात. घेण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, "याचे आरटीओ पासिंग होते का?" नोंदणी होत नसेल तर ती रस्त्यावर आणता येणार नाही. मग ती बागेतच वापरावी आणि एका बागेतून दुसरीकडे टेम्पोतून न्यावी. पॉवर टिलरला ट्रॉली जोडून बाजाराला जाणाऱ्यांनीही नोंदणी आणि विमा यांची आधी चौकशी करावी.

अपघात झालाच तर

१. जखमीला आधी दवाखान्यात पोहोचवा. ११२ वर फोन करा. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राची २०२५ ची रोखरहित उपचार योजना आहे. तिच्यात नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात.
२. पळून जाऊ नका. जमावाची भीती वाटत असेल तर थेट पोलीस ठाणे गाठा. २४ तासांच्या आत पोलिसांना माहिती देणे कायद्याने आवश्यक आहे.
३. वाहन हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो घ्या. ट्रॉलीचे रिफ्लेक्टर, दिवे, नंबर प्लेट दिसू द्या.
४. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
५. सर्वेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका.
६. चालक बदलून दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते उघड झाले की संपूर्ण दावा जातो आणि गुन्हा वेगळा.
७. आपण स्वतः किंवा घरचे कोणी जखमी असाल, तर भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करा.

दावा चुकीने नाकारला असे वाटल्यास आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, नंतर 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा पुणे-मुंबई येथील विमा लोकपालाकडे दाद मागता येते. लोकपालाकडे फी लागत नाही.

आज संध्याकाळी एवढे करा

पॉलिसी काढा, आरसी बुक शेजारी ठेवा आणि पुढील गोष्टी जुळतात का ते पाहा :

- ट्रॅक्टरचा नोंदणी, इंजिन व चेसिस क्रमांक
- प्रत्येक ट्रॉलीचा नंबर
- मालकाचे नाव दोन्ही कागदांवर एकच
- मुदत संपण्याची तारीख
- वापराची मर्यादा आणि आपला प्रत्यक्ष वापर
- पगारी चालक, मजूर आणि मालक-चालक यांचे संरक्षण
- चालकाच्या परवान्याची मुदत

एम-परिवहन ॲपवर वाहनाचा नंबर टाकून विम्याची नोंद दिसते का, तेही पाहा. पैसे घेऊन बनावट पॉलिसी देणारे लोक असतात.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांना विनंती, की हंगामपूर्व बैठकीत बेणेप्रक्रियेबरोबर दहा मिनिटे या यादीला द्यावीत. कारखान्यांच्या गटकार्यालयात रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम असते. त्याच वेळी ट्रॉलीचा विमाही तपासता येईल.

ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर लावा, दिवे चालू ठेवा आणि बंद पडलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर तशीच सोडू नका. अपघात टळणे हेच सर्वांत चांगले. पण झालाच, तर समोरच्याच्या घराला आधार मिळावा आणि आपली जमीन आपल्याकडे राहावी, एवढी तयारी आपल्या हातात आहे.